बीमची पायरी आणि कोयना

आमच्या नगर जिल्ह्यात आता खेड्यापाड्यांतही स्लॅबची घरे झाली. मोरी आली की तिथला स्लॅब वीतभर खाली घेतात, आणि कधी कधी बीमलाही मधेच पायरी पडते. एवढ्याने काय बिघडते, असे पुतण्याने विचारले. मी पडलो इतिहासाचा मास्तर, म्हणून उत्तर इतिहासातच शोधले.

आधी साधी गोष्ट. बीमवर भार आला की खालची बाजू ताणली जाते. तो ताण आतली सळई पेलते. पायरीच्या कोपऱ्यात तीच सळई वाकवून पुढे नेली, तर ताणाखाली ती सरळ होऊ बघते आणि कोपऱ्याचे काँक्रीट फोडते. म्हणून तिथे दोन्हीकडच्या सळया वेगळ्या ठेवून, एकमेकींना ओलांडून काँक्रीटमध्ये खोलवर नेतात. रिंगाही जवळजवळ बांधतात.

आता कोयनेकडे चला. धरणाची भिंत म्हणजे जमिनीत रोवलेला उभा बीमच, फक्त सळयांवाचूनचा. कोयनेचे धरण १०३ मीटर उंच. ते दोन टप्प्यांत बांधायचा मूळ बेत होता. काम चालू असताना एकदम पूर्ण उंचीचे करायचे ठरले, आणि त्यामुळे भिंतीचा आकार बदलला. माथ्याखाली सुमारे ३६ मीटरवर पाठीमागचा उतार एकदम मोडला.

११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे भूकंप झाला. कोयनानगर उद्ध्वस्त झाले, पावणेदोनशेच्या आसपास माणसे गेली. धरण उभे राहिले, पण भिंतीला आडव्या भेगा पडल्या, त्या नेमक्या उतार मोडतो त्या उंचीवर! हिशेबात भूकंपाचा जोर भिंतीच्या वजनाच्या ५ टक्के धरला होता. धरणातल्याच यंत्राने नोंदवलेला हादरा त्याच्या कितीतरी पट होता. अनिल चोप्रा आणि पी. चक्रवर्ती यांनी १९७३ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात गणिताने हेच दिसले, की सर्वांत जास्त ताण त्या मोडीपाशीच येतो. पुढे मागून काँक्रीटचे टेकू देऊन धरण बळकट केले.

आपल्या अकोले तालुक्यातले भंडारदरा धरण १९२६ साली पुरे झाले, तेही दगडचुन्यात. १९६९ साली त्यालाही चिरा दिसल्या. दुखणे वेगळे होते, पण तिथेही टेकूच द्यावे लागले. प्रवराकाठच्या आम्हा लोकांना ही गोष्ट परकी नाही.

तेव्हा पुतण्याला एवढेच सांगितले, की पायरी वाईट नसते, पण तिचा हिशेब वेगळा करावा लागतो. आणि काम चालू असताना बेत बदललात, तर इंजिनिअरला पुन्हा पहिल्यापासून गणित मांडायला लावा. मिस्त्रीच्या 'चालतंय की' वर जाऊ नका.