सहा मण्यांची शेपटी

सुपात गहू घेऊन खडे वेचणाऱ्या बाईला खडा निदान डोळ्यांना दिसतो. प्रयोगशाळेत प्रथिने वेचणाऱ्याचे तसे नाही. एवढ्याशा पेशीत हजारो जातींची प्रथिने दाटीवाटीने नांदत असतात. त्यांतून हवे ते एकच काढावे कसे? मीठ घालून साका बसवायचा, गाळायचे, पुन्हा गाळायचे, असे करण्यात पूर्वी महिने जात, आणि दर खेपेस पदरात माल कमीच पडे.

१९१० साली प्रागच्या एमिल श्टार्केनश्टाइनला दिसले की, स्टार्च पचविणारे अमिलेज हे प्रथिन न विरघळलेल्या स्टार्चला आपण होऊन चिकटते. ज्याचे जे भक्ष्य, त्याकडे त्याची ओढ! युक्ती हाती आली होती. पण ती सर्रास वापरात यायला अर्धे शतक लोटले. ते पाहायला श्टार्केनश्टाइन उरला नव्हता. ज्यू म्हणून तो हॉलंडात पळाला, तेथेही नाझींच्या हाती सापडला, आणि १९४२ साली माउटहाउझेनच्या छळछावणीत मरण पावला. या विद्येच्या इतिहासात त्याच्या नावापुढे बहुधा १९१० एवढेच साल असते. मला तेथे दुसरेही हवेसे वाटते.

१९६८ साली अमेरिकेत क्वात्रेकासस, विल्चेक व आनफिन्सेन यांनी नळीत भरलेल्या अगरोजच्या बारीक गोळ्यांना आमिष जडविले. वरून पेशींचा रस ओतला की ओळखीचे प्रथिन अडकते, बाकीची वाहून जातात. अडचण एवढीच, की दर प्रथिनाला निराळे आमिष शोधणे आले.

पुढे जनुके जोडण्याची विद्या आली आणि प्रश्नच उलटा झाला. आमिष एकच ठेवून प्रथिनालाच शेपटी लावली तर? प्रथिन म्हणजे अमिनो आम्लांची माळ. त्यांतला हिस्टिडीन हा मणी धातूला धरतो. धातूच्या या ओढीने प्रथिने वेचता येतात, हे स्वीडनच्या येर्कर पोराथने १९७५ साली दाखविलेच होते. १९८८ साली बाझेलच्या होफमान-ला रोश कंपनीतील होखुली व त्याच्या सहकाऱ्यांनी माळेच्या टोकाला हिस्टिडीनचे मणी ओवण्याची आज्ञा जनुकातच लिहून ठेवली. सहा मण्यांची शेपटी पुढे रूढ झाली. नळीतल्या निकेलला ती धरून राहते. मग इमिडाझोलचे पाणी सोडावे, ते निकेलवरची जागा बळकावते आणि प्रथिन सुटून खाली उतरते. त्याच वर्षी मेलबर्नच्या स्मिथ व जॉन्सन यांनी तर ग्लुटाथायोनला चिकटणारे अख्खे प्रथिनच शेपटी म्हणून जोडले!

आज एखादा विद्यार्थी हे काम दिवसाभरात उरकतो. तरी निकेलला उगीच लगटणारी काही उपरी प्रथिने असतातच. इमिडाझोलच्या पातळ पाण्याने धुऊन त्यांना आधी हुसकावे लागते.