फाइलच्या जन्मावेळची परवानगी

एकाच संगणकावर अनेकजण काम करू लागले, तेव्हा कोणाची फाइल कोणी वाचावी हा प्रश्न उभा राहिला. १९६९ मध्ये अमेरिकेतील बेल लॅब्समध्ये केन थॉम्पसन आणि डेनिस रिची यांनी युनिक्सची सुरुवात केली. नोव्हेंबर १९७१ च्या पहिल्या माहितीपुस्तिकेत वाचण्या-लिहिण्याच्या हक्कांसाठी दोनच वर्ग दिसतात : फाइलचा मालक आणि इतर. गट हा तिसरा वर्ग नंतर आला. प्रत्येक वर्गाला वाचणे (४), लिहिणे (२) आणि चालवणे (१) असे तीन हक्क मिळाले. सी भाषेत दिसणारा ०६४४ हा आकडा त्यातूनच आला. सुरुवातीचे शून्य तो अष्टमान पद्धतीतला आहे एवढेच सांगते.

फाइल निर्माण करणाऱ्या 'क्रिएट' या फंक्शनला नावाबरोबर हा आकडाही द्यावा लागे. म्हणजे फाइल कोणासाठी खुली, हे प्रोग्राम लिहिणारा ठरवी. ती ज्याची होणार, त्या वापरकर्त्याचे काय? १९७९ च्या सातव्या आवृत्तीत याचे उत्तर 'यूमास्क'च्या रूपाने होते. प्रोग्राम हक्क मागतो, यूमास्क त्यातले काही काढून घेते. नवे कधीच देत नाही. 'एफओपन'मध्ये हा आकडा देण्याची सोयच नाही. युनिक्सवर ते ०६६६ मागते. यूमास्क ०२२ असेल तर ०६४४ उरतात, ०७७ असेल तर ०६००. ही वजाबाकी नव्हे : ०६६६ वर ०२७ लावल्यास ०६४० मिळते.

'आधी फाइल बनवू, परवानगी नंतर बदलू', असे अनेकांना वाटते. धोका तिथेच आहे. परवानगी तपासली जाते ती फाइल उघडताना. मधल्या क्षणात कोणी ती उघडली, तर नंतर हक्क काढूनही त्याचे वाचन थांबत नाही. पासवर्ड किंवा गुप्त किल्ली ठेवायची फाइल म्हणूनच 'ओपन'ने बनवतानाच ०६०० मागावे. सोबत 'ओ_क्रिएट' आणि 'ओ_एक्सक्ल' हे दोन्ही संकेत द्यावेत. कारण फाइल आधीच असेल तर दिलेला आकडा दुर्लक्षिला जातो. आकडा द्यायलाच विसरलात, तर कंपायलर गप्प राहू शकतो आणि फाइलला भलतेच हक्क मिळतात.

दुसऱ्याची खासगी माहिती आपल्या प्रोग्राममधून जात असेल, तर ही काळजी आपलीच जबाबदारी आहे.