परीक्षा कोणाची : मुलाची की गुरुजींची?

परीक्षा ही चीज इंग्रजांनी आणली, असे आपण सहज बोलून जातो. ते अर्धेच खरे आहे. पंतोजींच्या शाळेतही परीक्षा होतीच. मात्र ती रोजची होती. धूळपाटीवर काढलेले अक्षर चुकले की ते तेथेच पुसून पुन्हा काढावे लागे. संध्याकाळी परवचा म्हणताना पावकी-दिडकीत कोण अडखळला, हे पंतोजींच्या कानाला तत्काळ कळे. त्या शाळेत छडी होती, अर्थावाचूनची घोकंपट्टी होती. तिचे गोडवे गाण्याचे आम्हांस कारण नाही. पण चूक झाली त्याच घटकेला ती शिकवणाऱ्याला कळे, एवढा गुण तिच्यात खास होता.

१८५७ साली मुंबई विद्यापीठ स्थापन झाले आणि १८५९ साली त्याची पहिली प्रवेशपरीक्षा झाली. त्या पहिल्या तुकडीत उत्तीर्ण झालेल्यांत महादेव गोविंद रानडे होते. ही परीक्षा निराळ्या जातीची. प्रश्न छापील, उत्तर लेखी, आणि हेतू निवडीचा. उच्च शिक्षणाच्या दाराशी असा पहारेकरी असावा, यात गैर काही नाही. गैर झाले ते हे की, दाराशी उभा असलेला हा पहारेकरी हळूहळू घरात शिरला आणि खालच्या वर्गांतही त्याचाच अंमल सुरू झाला.

विलायतेत १८६२ साली रॉबर्ट लोव यांच्या पुढाकाराने ‘निकालावर अनुदान’ ही पद्धत आली. वाचन, लेखन व गणित यांपैकी एकेका विषयात मूल नापास झाले की शाळेच्या अनुदानातून २ शिलिंग ८ पेन्स कापले जात. परिणाम व्हायचा तोच झाला. वर्षभर तेच पुस्तक घोकल्याने मुले ते न पाहता म्हणू लागली, आणि अनुदानाच्या कक्षेबाहेरचे विषय मागे पडले. स्वतः शाळा-तपासनीस असलेले कवी मॅथ्यू आर्नल्ड यांनी या पद्धतीवर कडक टीका केली. तरीही तीच पद्धत आपल्या मुंबई इलाख्यातही आली. अखेर १९०४ च्या शैक्षणिक ठरावात हिंदुस्थान सरकारलाच परीक्षांच्या अतिरेकाविरुद्ध बोलावे लागले.

यातील मर्म काय? मुलाच्या उत्तरावर गुरुजींची भाकरी अवलंबून ठेवली की चूक ही लपवण्याची वस्तू होते. वास्तविक वर्गात तिच्याइतकी मोलाची वस्तू दुसरी नाही. ३०२ मधून १४८ वजा करावयास सांगितले आणि मुलाने २४६ उत्तर लिहिले, तर निवडीच्या परीक्षेत त्याला शून्य. पण जरा निरखून पाहा : आठातून दोन, चारातून शून्य, तिनातून एक. मुलाने प्रत्येक ठिकाणी मोठ्या अंकातून लहान अंक वजा केला आहे. त्याला वजाबाकी येते. हातचा घेणे तेवढे उमगलेले नाही. चांगला प्रश्न तोच, ज्याच्या चुकलेल्या उत्तरातूनही उद्या काय शिकवावे हे कळते. ३७५ मधून १२४ वजा करावयास दिले असते, तर याच मुलाला पैकीच्या पैकी गुण मिळाले असते, आणि त्याचे अज्ञान तसेच पुढच्या इयत्तेत गेले असते.

स्वातंत्र्यानंतर हा विचार आपल्याकडे पुन्हा जागा झाला. १९५२-५३ च्या मुदलियार आयोगाने एकाच अंतिम परीक्षेवर भिस्त ठेवण्यास विरोध केला. बेंजामिन ब्लूम यांनी भारतात येऊन परीक्षा-सुधारणेस साहाय्य केले. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन सांगितले. महाराष्ट्रात ‘आकारिक’ आणि ‘संकलित’ हे शब्द शिक्षकांच्या तोंडी रुळले. पण नोंदवहीचे रकाने भरले म्हणजे मूल्यमापन झाले, अशी समजूत झाली तर केवळ शब्द बदलले, रीत जुनीच राहिली, असे म्हणावे लागेल.

हा दोष एकट्या शाळेचा नव्हे. प्रगतिपुस्तक हाती येताच आपण पालक पहिल्याने आकडा पाहतो, शेजारच्या मुलाचा आकडा विचारतो आणि पुस्तक मिटतो. मुलाचे अडले कोठे, हे गुरुजींना विचारणारे पालक गावोगाव निघाले, तर ते सांगता येईल अशाच परीक्षा घेणे गुरुजींनाही भाग पडेल.