गिअरच्या धक्क्याची कुळकथा



स्वारगेट या नांवांतच घोडेस्वारांची जुनी चौकी दडलेली आहे, असें सांगतात. स्वार गेले, मोटारी आल्या. आणि आतां पुण्याच्या रस्त्यांवर विजेच्या बसगाड्या धांवूं लागल्या आहेत. त्यांना क्लच नाहीं, गिअरचा दांडा नाहीं, आणि म्हणून गिअरचा धक्काहि नाहीं. एस्. टी.ची पहिली बस १ जून १९४८ रोजीं नगरहून पुण्यास आली. पुढें ७४ वर्षांनीं, १ जून २०२२ रोजीं, त्याच मार्गावर महामंडळाची विजेवर चालणारी 'शिवाई' धांवली. हा धक्का जन्मास कसा आला आणि तो कोठून येतो हें ओळखावें कसें, एवढेंच आज सांगावयाचें आहे.

तेलावर चालणाऱ्या इंजिनाचा एक स्वभाव आहे. ठराविक फेऱ्यांच्या आंत त्याला बळच येत नाहीं. स्वारगेटहून साताऱ्याकडे निघालेली गाडी कात्रजच्या चढास लागली, कीं चाकांची गति मंदावते. पण इंजिन तितकें मंद झालें तर तें बंद पडेल. म्हणून दोहोंच्या मध्यें लहानमोठ्या दंतचक्रांची पेटी बसवावी लागते. जुन्या पेटींत हीं चक्रें हातानें एकमेकांत सरकवावीं लागत. चढावर खालचा गिअर टाकतांना चालक एकदां क्लच दाबून दांडा मोकळा करी, क्लच सोडून इंजिनाचा वेग किंचित् वाढवी, आणि पुन्हां क्लच दाबून मग दांडा ढकली. वेग जुळला नाहीं तर सबंध गाडीला ऐकूं जाईल अशी करकर होई. वेळ कोणती, हें ठरवणारा एकच न्यायाधीश होता, तो म्हणजे चालकाचा कान.

१९२८ सालीं अमेरिकेंतील कॅडिलॅक मोटारींत 'सिंक्रोमेश' आलें. चक्रें एकमेकांत शिरण्यापूर्वीं त्यांचे वेग घर्षणानें जुळवून देणारी ही युक्ति. ती साधणारा अर्ल थॉम्प्सन हाच पुढें अधिक धाडसी कामास लागला, आणि १९४० सालच्या ओल्ड्समोबिल गाड्यांसाठीं 'हायड्रामॅटिक' पेटी तयार झाली. तिच्यांत पायाखालचा क्लचच नाहींसा झाला. त्याच्या जागीं तेलानें भरलेलीं दोन पंख्यांसारखीं चक्रें समोरासमोर आलीं. एक फिरूं लागलें कीं तेलाच्या लोटानें दुसरें फिरतें. ही कल्पना मूळची जर्मन शास्त्रज्ञ हेर्मान फ्योटिंगर याची, १९०५ सालची, आणि तीहि जहाजांसाठीं! महायुद्धांत ही पेटी अमेरिकन रणगाड्यांत गेली, आणि १९५४ सालीं शेव्हरोलेच्या पिकअपमध्यें, म्हणजे मागें उघडा हौदा असलेल्या मालगाडींत, मिळूं लागली.

परंतु कानाचें काम आतां कोणीं करावयाचें? येथें या यंत्राची खरी गंमत आहे. जुन्या पेटींत तेलाचे दोन दाब एकमेकांशीं झुंजतात. गाडीच्या वेगाबरोबर वाढणारा दाब म्हणतो, 'वरचा गिअर टाका.' ॲक्सिलरेटरवरील पायाबरोबर वाढणारा दाब म्हणतो, 'थांबा, अजून जोर हवा आहे.' पहिला वरचढ झाला कीं झडप सरकते, आणि गिअर बदलतो. पुढें हा निवाडा संगणकाकडे गेला, तरी आज्ञा अमलांत आणणारें तेल तेंच राहिलें.

हें समजलें म्हणजे धक्क्याचें निदान निम्मे झालें. पुण्यांतील पुष्कळ घरांतील मुलें अमेरिकेंत आहेत, आणि तिकडे वीसपंचवीस वर्षांची पिकअप बाळगणें हें नवल नव्हे. गाडी दणके देऊं लागली, कीं कोणी तरी सांगतो, 'पेटीच बदला.' तो खर्च कधीं कधीं सबंध गाडीच्या किंमतीहून जास्त असतो. वैद्यानें नाडी न पाहतां शस्त्र उचलावें, तसा हा प्रकार आहे.

आधीं तेल पाहावें. बहुतेक गाड्यांत तें इंजिन गरम व चालू असतांना, सपाट जागीं, पट्टीनें मोजतात. कमी असेल तर दाब कोठें गळतो तें शोधावें. लाल तेल काळें पडून जळका वास येत असेल, तर आंतल्या घर्षणचकत्या झिजल्या असाव्यात. तेलाची जातहि महत्त्वाची. एकेकाळीं या तेलांत घर्षण सौम्य करण्यासाठीं व्हेल माशाच्या तेलाचा अंश घालीत. १९७० नंतरच्या दशकांत अमेरिकेंत त्यावर बंदी आली, तेव्हां पर्याय शोधतांना रसायनज्ञांना बरेंच झगडावें लागलें. भलतेंच तेल ओतल्यानेंहि धक्के बसतात, तें यामुळेंच.

मग धक्का केव्हां बसतो हें नीट टिपून ठेवावें. उभ्या गाडीला गिअर टाकतांनाच दणका बसत असेल, तर इंजिन उभ्या जागीं अति वेगानें फिरत असावें, किंवा फाउंडेशनचें रबर तुटलें असावें, किंवा मागच्या चाकांकडे जाणाऱ्या दांड्याचा क्रॉस सैल झाला असावा. बिचाऱ्या पेटीचा यांत कांहींच दोष नाहीं! प्रत्येक गिअर उशिरानें आणि कठोरपणें बदलत असेल, तर पायाचा निरोप नेणारी केबल, किंवा इंजिनाच्या शोषणावर चालणारी रबरी नळी तपासावी. नळी फुटली कीं पेटीला वाटतें चालकानें पाय जोरानें दाबला आहे, आणि ती दाब वाढवते. धक्का एकाच गिअरला, तोहि गाडी तापल्यावरच बसत असेल, तर मात्र संशय आंतल्या झडपांवर किंवा विजेच्या सोलेनॉइडवर जातो.

आपल्याकडील स्वस्त 'ऑटोमॅटिक' मोटारींची जात निराळी आहे. २०१४ सालीं मारुतीच्या 'सेलेरिओ'पासून त्या लोकप्रिय झाल्या. त्यांत क्लच व पेटी साधीच; फक्त हात आणि पाय यंत्राचे. त्यांचा किंचित् हिसका हा स्वभाव समजावा, रोग नव्हे.

शेवटीं पेटीचा तळाचा चेंबर उतरवून त्यांतील लोहचुंबक पाहावें. त्यावर बारीक करडी पूड सांपडली तर ती नेहमींची झीज होय. धातूचे तुकडे सांपडले, तरच पेटी उघडण्याचा विषय काढावा.