लगाम सुटल्यावर: कर्करोगाचे औषध आणि आतड्यातील जिवाणू

वर्ष १८९१. न्यूयॉर्कमधील तरुण शल्यचिकित्सक विल्यम कोली मानेत गाठ असलेल्या एका इटालियन स्थलांतरिताला जिवंत स्ट्रेप्टोकॉकस जिवाणू टोचत होते. रुग्णाला विसर्प, म्हणजे त्वचेचा तीव्र संसर्ग, व्हावा हाच त्यामागचा हेतू होता!

या वरवर वेडगळ वाटणाऱ्या प्रयोगामागे रुग्णालयातील एक जुनी नोंद होती. वारंवार शस्त्रक्रिया करूनही मानेतील सार्कोमा न हटलेल्या एका रुग्णाला विसर्प झाला, ताप चढला आणि गाठ नाहीशी झाली. सुमारे सात वर्षांनी कोली यांनी त्याला गरीब वस्तीतून शोधून काढले, तेव्हा तो धडधाकट होता.

कोलींच्या इटालियन रुग्णाचीही गाठ विरली. पुढे मात्र दोन रुग्ण टोचलेल्या संसर्गानेच दगावले. तेव्हा त्यांनी उष्णतेने मारलेले जिवाणू वापरण्यास आरंभ केला. गाठ का विरते, हे मात्र त्यांना सिद्ध करता आले नाही. किरणोपचाराच्या झगमगाटात त्यांची पद्धत मागे पडली.

ते ‘का’ उलगडायला शतक लागले. शरीरातील टी-पेशींवर ‘सीटीएलए-४’ नावाचे प्रथिन लगामासारखे काम करते. १९९६ मध्ये जेम्स ॲलिसन यांच्या गटाने उंदरांमध्ये प्रतिपिंडाने हा लगाम सोडला आणि त्यांच्या गाठी आटल्या. याच तत्त्वावरील ‘इपिलिमुमॅब’ या औषधाला २०११ मध्ये अमेरिकेत मेलानोमा या त्वचेच्या कर्करोगासाठी मान्यता मिळाली. २०१८ चे वैद्यकाचे नोबेल ॲलिसन आणि जपानचे तासुकू होंजो यांना विभागून मिळाले.

या यशोगाथेत एक इशारा मात्र सहसा सांगितला जात नाही. १९९५ मध्येच असे आढळले होते की ज्या उंदरांत हा लगाम जन्मतःच नसतो, ते तीन-चार आठवड्यांत मरतात. अनावर झालेल्या टी-पेशी त्यांच्याच अवयवांत शिरतात.

माणसांतही त्याचे पडसाद उमटले. इपिलिमुमॅब घेतलेल्या काही रुग्णांना तीव्र जुलाब लागले, मोठ्या आतड्याला दाह झाला. क्वचित आतड्याला छिद्र पडून मृत्यूही ओढवला. उपाय म्हणजे स्टेरॉइड, अर्थात मोकळी केलेली प्रतिकारशक्ती पुन्हा दाबणे.

पण आतडेच का? तिथे अब्जावधी जिवाणूंची वस्ती असते आणि प्रतिकारपेशी त्यांच्याशी जन्मभर सबुरीने वागतात. या सबुरीत लगामाचाही वाटा असतो.

२०१५ मध्ये फ्रान्समधील लॉरेन्स झिटवोगेल यांच्या गटाने दाखवले की जिवाणूमुक्त उंदरांवर हे औषध चालतच नाही. ‘बॅक्टेरॉइडिस फ्रॅजिलिस’ हा जिवाणू दिल्यावर ते पुन्हा चालू लागले. त्याच्या जोडीला एक बुर्खोल्डेरिया जिवाणू दिला, तर आतड्याचा दाहही सौम्य झाला.

पुढच्या वर्षी न्यूयॉर्कच्या मेमोरियल स्लोन केटरिंगमध्ये ३४ मेलानोमा रुग्णांचे मल, दाह सुरू होण्यापूर्वीच, तपासले गेले. (कोलींनी ज्या रुग्णालयात हयात घालवली, त्याचाच हा आजचा अवतार.) ज्यांच्या आतड्यात बॅक्टेरॉइडिटीस संघातील जिवाणू विपुल होते, ते दाहापासून बहुधा बचावले.

२०१७ मधील २६ रुग्णांच्या फ्रेंच अभ्यासाने पेच वाढवला. फिकॅलिबॅक्टेरियम विपुल असलेल्यांना औषधाचा लाभ अधिक काळ मिळाला. पण दाहही त्यांच्याच गटात अधिक. म्हणजे रुग्णाला तारणारी आणि छळणारी वस्ती कदाचित एकच! अर्थात हे अभ्यास छोटे होते, आणि जिवाणूंची नावे पुढील प्रत्येक अभ्यासात जुळली असे नाही.

२०१८ मध्ये ह्यूस्टनच्या एमडी अँडरसन केंद्रातून दोन रुग्णांची हकीकत प्रसिद्ध झाली. स्टेरॉइडसह कोणत्याच औषधाला त्यांचा दाह दाद देत नव्हता. निरोगी दात्याच्या मलातील जिवाणू त्यांच्या आतड्यात सोडण्यात आले आणि दोघांचाही दाह ओसरला. एकाला त्यासाठी दोनदा प्रत्यारोपण करावे लागले.

पुढच्याच वर्षी, २०१९ मध्ये, अमेरिकी औषध प्रशासनाने इशारा दिला: अन्य कारणासाठी मलप्रत्यारोपण झालेल्या, प्रतिकारशक्ती क्षीण असलेल्या दोघांना प्रतिजैविकांना न जुमानणाऱ्या ई. कोलायचा संसर्ग झाला होता. त्यांतला एक दगावला. दात्याच्या मलाची त्या जिवाणूसाठी चाचणीच झालेली नव्हती. त्यानंतर ती बंधनकारक झाली.