घर आईबापांचे, निकड मुलांची

तेराव्या-चौदाव्या शतकातील इंग्लंड. गावच्या जमीनदाराच्या न्यायसभेत एक वृद्ध शेतकरी उभा राहतो आणि आपले घर व शेत मुलाच्या हवाली करतो. कारकून लॅटिनमध्ये नोंद घेतो. त्या नोंदीत मायेचे शब्द क्वचितच सापडतात. वर्षाला धान्य किती, कपडे कोणते, राहायला कोणती खोली, चुलीपाशी बसण्याचा हक्क असेल की नाही, हे मात्र काटेकोर लिहिलेले असते. (थ्रेड)

मुलाला संसार मांडण्यासाठी जमीन हवी असे, बापाला नांगर झेपत नसे. तरीही व्यवहार लेखी होई, कारण मुलाने शब्द मोडल्यास बापाला त्याच सभेत दाद मागता येई. बापलेकांत लिखापढी कशाला, असे त्या शेतकऱ्यांना वाटले असते, तर इतिहासकारांच्या हाती हे दप्तर लागलेच नसते.

पुढची काही शतके ओलांडू. १९१८ च्या सुमारास इंग्लंडमधील चार कुटुंबांपैकी जेमतेम एक स्वतःच्या मालकीच्या घरात राहत होते. गृहकर्ज देणाऱ्या बिल्डिंग सोसायट्या वाढल्या, उपनगरे उभी राहिली, १९८० च्या कायद्याने सरकारी घरांतील भाडेकरूंना ती घरे विकत घेण्याचा हक्क दिला. शतकाअखेरीस मालकांचे प्रमाण दोन-तृतीयांशाच्या पुढे गेले. त्यातून एक नवाच वर्ग जन्मला: घर लाखाचे आणि हातात तुटपुंजे निवृत्तिवेतन.

या वर्गासाठी १९८० च्या दशकाच्या अखेरीस एक आकर्षक योजना निघाली. घर गहाण टाकायचे, मिळालेली रक्कम गुंतवणूक-रोख्यांत ठेवायची. परताव्यातून व्याज भागेल आणि वर खर्चालाही उरेल. कागदावर हिशेब चोख होता. पण १९८८ च्या मध्यास साडेसात टक्क्यांच्या आसपास असलेला व्याजदर १९८९ च्या ऑक्टोबरात १५ टक्क्यांवर पोहोचला. घरांच्या किमतीही घसरल्या. परतावा अपुरा पडला, थकलेले व्याज मुद्दलात मिसळत गेले आणि ज्यांनी आयुष्यभर कर्ज फेडून घर मोकळे केले होते, ते सत्तरीत पुन्हा कर्जबाजारी झाले.

१९९० मध्ये या योजनांवर बंदी आली. १९९१ मध्ये काही कंपन्यांनी एकत्र येऊन आचारसंहिता स्वीकारली: वृद्धाला मरेपर्यंत घरात राहता येईल आणि कर्ज कितीही वाढले तरी घराच्या किमतीहून अधिक वसूल होणार नाही. आजचा तिथला ‘इक्विटी रिलीज’ व्यवसाय या हमीवर उभा आहे.

तरीही सर्वांत चटका लावणारे प्रकरण त्यानंतरचे आहे. १९९६ ते १९९८ या काळात बँक ऑफ स्कॉटलंड आणि बार्कलेज यांनी ‘मूल्यवाढीत वाटा’ असणारे कर्ज दिले. सर्वांत गाजलेल्या प्रकारात घराच्या किमतीच्या २५ टक्के रक्कम मिळे आणि व्याज शून्य. मोबदला एवढाच, की घर विकले जाईल तेव्हा वाढलेल्या किमतीचा ७५ टक्के हिस्सा बँकेचा.

आकडे मांडून पाहा. घर १ लाख पौंडांचे, कर्ज २५ हजार. पुढे घर ४ लाखांचे झाले. वाढ ३ लाख. त्यातले सव्वादोन लाख बँकेचे, शिवाय मुद्दल २५ हजार. मालकाच्या हाती उरले दीड लाख. आणि शेजारचे तसलेच घर मात्र ४ लाखांना. गुडघे दुखतात म्हणून तळमजल्याच्या घरात जायचे, किंवा मुलीच्या गावी राहायला जायचे, तर उरलेल्या पैशांत ते परवडत नाही. घर नावावर होते, पण त्यातून बाहेर पडण्याची वाट महाग झाली होती.

मग मुलांना मदत करावी की नाही? १९८६ पासूनचा ब्रिटिश वारसाकर घाई करायला लावतो: देणगीनंतर दाता सात वर्षे जगला, तर ती रक्कम सहसा करातून सुटते. उलट बाजूला चक्रवाढ व्याज आहे. पासष्टीत मुलाच्या घरासाठी ६ टक्क्यांनी काढलेले ५० हजार, मधे काही न फेडल्यास, एकोणनव्वदाव्या वर्षी सुमारे २ लाख होतात. पैसा एका भावाला मिळतो, त्याची फेड मात्र सगळ्या भावंडांच्या वारशातून होते. शिवाय पुढे शुश्रूषागृहाचा खर्च सरकारने उचलावा अशी वेळ आली, तर पालिका ती देणगी मुद्दाम केलेली विल्हेवाट ठरवू शकते.

भारतात २००७-०८ च्या अर्थसंकल्पात पी. चिदंबरम यांनी ‘रिव्हर्स मॉर्गेज’ची घोषणा केली. योजना आली, पण रुजली नाही. ‘नटसम्राट’ पाहिलेल्या मराठी प्रेक्षकाला बँकेची भीती नव्हतीच म्हणा. आप्पा बेलवलकरांनी सगळे वाटून टाकले होते ते पोटच्या मुलांना.

त्याच २००७ साली संसदेने ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाहाचा कायदा केला. त्याच्या कलम २३ नुसार, सांभाळ करण्याच्या अटीवर दिलेली मालमत्ता सांभाळ न केल्यास न्यायाधिकरण परत मिळवून देऊ शकते. मात्र २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले, की हस्तांतरणाला तशी अट जोडलेली असल्याचे दाखवावे लागते. म्हणजे धान्य किती, खोली कोणती, हे विचारणारा कारकून पुन्हा दाराशी उभा.