चुंबकाला चिकटणारी काजळी

वेल्डिंगच्या दुकानात पत्र्याला आतून जी काळपट धूळ धरते, तिच्याजवळ चुंबक नेला की ती त्याला येऊन चिकटते. प्रयोगशाळेत महागडी यंत्रं लावून चुंबकीय मिश्रधातूंचे नॅनोकण करतात, त्यांची ही गरीब बहीण. दोन्हीकडे घडतं तेच: आर्कमध्ये, म्हणजे प्लाझ्मामध्ये, धातू उकळतो, त्याची वाफ थंड वायूत शिरते आणि निमिषात गोठून तिचे कण होतात. वेल्डिंगच्या धुरात मँगनीजचं प्रमाण मूळ रॉडपेक्षा बरंच जास्त सापडतं, कारण लोखंड सुमारे २८६० अंश सेल्सियसला उकळतं, तर मँगनीज २०६० च्या आसपासच. जो आधी उकळतो तो आधी उडतो. वेल्डरच्या मज्जासंस्थेला याचा त्रास होतो. मिश्रधातूचे कण करणाऱ्यांच्या वाट्याला हीच अडचण हिशोबाच्या रूपाने येते.

या काजळीला प्रतिष्ठा मिळाली ती आधी तिच्या काळेपणामुळे. अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात फुंड यांनी १९३० मध्ये बिस्मथची काजळी धरून दाखवली. पक्क्या निर्वातात धातूची वाफ काचेवर चकचकीत थर देते; आत थोडा वायू राहू दिला, तर थर मखमली काळा येतो. उष्णतेचे किरण मोजणाऱ्या उपकरणांना तो काळा रंग हवाच होता.

त्या काळ्याच्या आत नीट डोकावलं ते जपान्यांनी. १९६२ मध्ये कुबो यांनी धातूचा कण पुरेसा लहान झाला की त्यातले इलेक्ट्रॉन वेगळे वागतील, असं गणिताने मांडलं. पुढच्याच वर्षी उएदा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कमी दाबाच्या आर्गॉनमध्ये धातू उकळून तो धूर इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली धरला. १९६५ मध्ये तासाकी आणि मंडळींनी तीच रीत चुंबकीय धातूंना लावली. वायूचा दाब वाढवला की कण मोठे होतात, कारण वाफेला पसरायला जागा उरत नाही आणि अणू एकमेकांवर आदळत राहतात. आर्गॉनऐवजी हलका हेलियम घेतला की वाफ लवकर फाकते, कण बारीक राहतात. आच तीच, धातू तोच. बदललं ते फक्त निवण्याचं ठिकाण. आर्कच्या दहा हजार अंशांचं कौतुक सगळे करतात, पण माझ्या मते या कुळाचा कारभार पहिल्यापासून थंडाव्याच्या हाती आहे.

तापवायला वापरलेली मूसच वितळून धातूत मिसळू लागली, की आर्कशिवाय गत्यंतर नव्हतं. १९८० च्या दशकात ओहनो आणि उदा यांनी आर्कच्या वायूत हायड्रोजन मिसळला, तेव्हा धुराचा लोट एकदम वाढला. हायड्रोजनचे रेणू आर्कमध्ये फुटतात. सुटे अणू वितळलेल्या धातूत प्रमाणाबाहेर विरघळतात आणि पुन्हा जोडी जमवून बाहेर पडताना धातूची वाफ भसाभस उसळते.

मिश्रधातूत लोह-कोबाल्टची जोडी सगळ्यांच्या डोळ्यांत भरणारी, कारण तिचं संतृप्त चुंबकन सुमारे २.४ टेस्लापर्यंत जातं. दोघांचे उत्कलनबिंदूही जवळजवळ, त्यामुळे वाफेतलं प्रमाण फारसं ढळत नाही. मँगनीजसारखा उडाणटप्पू जोडीदार असला, की आर्कखालच्या एकाच ढेकळातून आधी त्याचीच वाफ जास्त निघते आणि कण मूळ मिश्रणाशी जुळत नाहीत. त्यावर तोड म्हणजे मिश्रणाची भुकटी थेट प्लाझ्माच्या ज्वाळेत सोडायची. ती पूर्ण उडाली तर प्रमाण टिकतं. त्यासाठी लागणारी, इलेक्ट्रोडचा स्पर्शही नसलेली प्लाझ्मा टॉर्च रीड यांनी १९६१ मध्येच केली होती, तीही स्फटिक वाढवायला! १९९० च्या दशकात कार्नेगी मेलन विद्यापीठात मॅकहेन्री, मॅजेटिच आणि सहकाऱ्यांनी फुलरीन (कार्बनचे पोकळ रेणू) करायच्या कार्बन आर्कमध्ये आणि पुढे अशा टॉर्चमध्ये लोह-कोबाल्टचे नॅनोकण केले.

कार्बन आर्कमधल्या कणांवर चढणारं कार्बनचं आवरण हा केवळ हौसेचा भाग नव्हता. एरवी, ज्या बंद पेटीत कण करतात ती उघडताना हवा सावकाश, थोडी थोडी सोडावी लागते. घाई केली तर ताजी भुकटी आपोआप पेटते. सावकाश सोडली तरी हवेतल्या ऑक्सिजनमुळे कणावर गंजाची साल चढतेच. दहा नॅनोमीटरच्या कणावर दोन नॅनोमीटरची साल धरली, तर आत धातूचा गाभा जेमतेम पाचवा हिस्सा उरतो आणि चुंबकत्वाचा मोठा भाग हातचा जातो.

पुण्यात याच ऑक्सिजनला जाणूनबुजून घरात घेतलं. पुणे विद्यापीठाच्या सुधा भोरसकर आणि सहकाऱ्यांनी आर्क प्लाझ्माच्या वाटेने गॅमा-लोह ऑक्साइडचे नॅनोकण केले आणि २००६ मध्ये ते काम प्रसिद्ध केलं. गाण्याच्या जुन्या कॅसेटच्या फितीवर जो तपकिरी थर असायचा, तो बहुधा याच ऑक्साइडचा.